चेंडू टोकाला पोचतो तेव्हा

भाचा नववीत आहे. परवा विचारतो, "मामा, चेंडू सरळ वर फेकला की एकदम टोकाला त्याचा वेग शून्य होतो, मग त्वरण पण शून्यच ना?" मी नाही म्हटलं तर पठ्ठ्याला पटेना. त्याला कशाला हसा, डिग्री घेतलेले लोक पण इथे गंडतात.

मला वाटतं हा सगळा घोळ त्या एक्सलेटरने केलाय. मूठ पिळली की गाडी पळते, म्हणून त्वरण (इंग्रजीत ॲक्सिलरेशन) म्हणजे जोरात पळणं असं डोक्यात बसलंय. पण त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतोय एवढंच, मुळात वेग किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ताशी ९०० किमीने सरळ उडणाऱ्या विमानात कपातला चहा डुचमळत नाही, आणि इथे लोकल नुसती सुटली की वरची हँडलं मागे झुकतात आणि आपण मागच्याच्या पायावर.

आता चेंडू. हवेचा विरोध सोडून द्या. टोकाला पोचायच्या ०.१ सेकंद आधी तो सेकंदाला ०.९८ मीटरने वर जातोय, टोकानंतर ०.१ सेकंदाने तेवढ्याच वेगाने खाली येतोय. वरची दिशा अधिक धरली तर +०.९८ चं −०.९८ झालं, म्हणजे १.९६ चा फरक, तोही ०.२ सेकंदात. भागा, ९.८ येतं, हेच गुरुत्वाचं त्वरण. बरं, ०.०१ सेकंद घेऊन बघा, ०.१९६ भागिले ०.०२, परत ९.८च! कितीही बारीक कापा, टोकाला पण तेच, खालच्या दिशेने. आलेखात वेगाची रेष शून्याला ओलांडून जाते, उतार तसूभर बदलत नाही. टोकाला त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता, त्या हवेत बसणाऱ्या बाबांसारखा. अर्थात बाबांच्या कफनीखाली लोखंडी सळई असते, चेंडूला ती सोय नाही.

अजून एक गंमत म्हणजे चाल तीच ठेवून नुसती दिशा बदलली तरी त्वरण असतंच, कारण वेगात दिशा पण येते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर. चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, १०० भागिले २०, त्वरण ५ आलं, गुरुत्वाच्या साधारण निम्मं, आणि स्पीडोमीटरचा काटा जागचा हललेला नाही. त्याच वळणावर ७२ ने गेलात तर दुप्पट नाही, चौपट, २०. सपाट रस्त्यावर साध्या टायरची पकड त्याच्या बरीच आधी सुटते.