'आराखड्यात आहे' आणि 'तरतूद आहे': गावाचे दोन कागद

26 जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन उरकलेलं, शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या. वरच्या आळीतल्या एक मावशी उठून उभ्या राहिल्या. नातवाने मोबाइलवर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरचा गावाचा आराखडा उघडून दिला होता. "यात आमच्या गल्लीचा रस्ता लिहिलाय. सहा लाख. मंजूर म्हणतंय. मग वर्ष झालं, खडीची एक पाटीसुद्धा का पडली नाही?"

सरपंच म्हणाले, "मावशी, आराखड्यात आहे, पण तरतूद नाही."

मावशी बसल्या. मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली की पैसे खाल्ले असणार. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. सरपंचांनी सांगितलं ते खरं होतं, हे मला माहीत होतं. पण ते उलगडून कुणी सांगितलं नाही, मीही नाही. ते आज सांगते, कारण निधीला कात्री लागली की या दोन कागदांतलं अंतर वाढतं आणि संशयही तिथेच वाढतो.

पहिला कागद म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. दुसरा ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. दोन्हींत कामं असतात, दोन्हींत रुपये असतात, दोन्हींवर ठराव होतो आणि दोन्हींना बोलताना आपण 'मंजूर झालं' असंच म्हणतो.

आराखड्यात गावाला काय हवंय ते लिहिलेलं असतं. केंद्राचा पैसा राज्यांना आणि गावांना कसा वाटायचा ते वित्त आयोग सुचवतो. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, 2015 पासून, महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो करायला सुरुवात झाली. 2018 पासून देशभर 2 ऑक्टोबरच्या सुमाराला लोकयोजना मोहीम निघते आणि पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा ठरतो. वॉर्डसभा, महिला सभा, शिवारफेरी, मग ग्रामसभेचा ठराव आणि शेवटी पोर्टलवर नोंद. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी काहीही त्यात येऊ शकतं: रस्ता, अंगणवाडीची दुरुस्ती, पशुवैद्यकीय दवाखाना, वाचनालय. रोजगार हमीची कामंही येतात, जलजीवन मिशनची नळयोजनाही येते. यांतल्या बऱ्याच कामांचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतच नाही, तो त्या त्या सरकारी विभागामार्फत खर्च होतो. म्हणून आराखड्याची बेरीज पाहिली की डोळे दिपतात. ती रक्कम ग्रामपंचायतीच्या हातात आहे, असा समज करून घेऊ नये.

अंदाजपत्रक त्यापेक्षा कोरडं असतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 62 प्रमाणे ते करावंच लागतं. मासिक सभेत ठराव होतो आणि मग ते पंचायत समितीकडे मंजुरीला जातं. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांना 1 ते 33 असे क्रमांक आहेत, त्यांतला नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक. त्यात जमेची बाजू असते. आरंभीची शिल्लक, घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं, मुद्रांक शुल्काच्या अनुदानातला वाटा आणि वित्त आयोगाचा निधी, असं सगळं तिथे मांडतात. समोर खर्चाची बाजू, लेखाशीर्षांनुसार, म्हणजे खर्चाच्या प्रकारांनुसार. कामाच्या शीर्षाखाली रक्कम धरली असेल तर 'तरतूद आहे'. धरली नसेल तर ते काम आराखड्यात कितीही ठळक असो, त्याचं बिल निघू शकत नाही.

उलटही खरं आहे. वित्त आयोगाचा पैसा खर्च करायचा तर काम आराखड्यात असावं लागतं, नसेल तर पुरवणी आराखडा करावा लागतो. म्हणजे काम अंगणात यायला दोन्ही दारं उघडी हवीत. एक ग्रामसभा उघडते, दुसरं तिजोरी.

मग गल्लीचा रस्ता अडला कुठे? समजा, गावाला वित्त आयोगाचे वर्षाला 10 लाख येतात. मावशी म्हणतील, सहा लाखांचा रस्ता सहज होईल. पण पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी या पैशाचे दोन भाग केले. 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच, आणि 40 टक्के अबंधित. बंधितातला निम्मा पाण्यासाठी, म्हणजे पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण, पाण्याचा पुनर्वापर. उरलेला निम्मा स्वच्छतेसाठी आणि गाव हागणदारीमुक्त ठेवण्यासाठी. तेव्हा 10 लाखांतले 6 लाख रस्त्याला लावताच येत नाहीत. तिथे सांडपाण्याची गटार हवी असती तर ती स्वच्छतेच्या शीर्षात बसवायला वाव होता. रस्त्याला तोही नाही.

उरले 4 लाख अबंधित. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायला मनाई आहे, गावाची निकड असेल ते काम मात्र करता येतं. पण 2021 मध्ये शासनाने पथदिव्यांची वीजबिलं अबंधितातून आणि पाणीपुरवठ्याची बंधितातून भरायला सांगितलं. राज्यभरचे सरपंच तेव्हा चिडले होते, आणि माझ्या मते त्यांची बाजू रास्त होती. विजेच्या खांबाला रस्त्याचा पैसा लागला की रस्ता मागे पडणारच. वर्षाचं बिल 1 लाख 20 हजार धरा. हातात 2 लाख 80 हजार राहिले. शाळेच्या कुंपणाला 1 लाख द्यायचं आधीच ठरलेलं. रस्त्याच्या वाट्याला 1 लाख 80 हजार, आणि रस्ता 6 लाखांचा.

कात्री कुठून लागली, तेही पाहायला हवं. चौदाव्या आयोगाचं अनुदान थेट ग्रामपंचायतींना होतं, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला त्यात वाटा नव्हता. पंधराव्यात तिन्ही स्तर आले. महाराष्ट्रात वाटणी झाली ग्रामपंचायत 80 टक्के, पंचायत समिती 10 आणि जिल्हा परिषद 10. देशाचा एकूण आकडा वाढलेलाच दिसतो, चौदाव्याचे 2,00,292 कोटी आणि पंधराव्याचे 2021-26 या पाच वर्षांसाठी 2,36,805 कोटी. पण पहिला आकडा फक्त ग्रामपंचायतींचा आहे, दुसऱ्यात तिघांचे वाटे आहेत. मध्ये महागाई गेली आणि बंधनं आली. शिवाय लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरलेली. शहराच्या कडेला फुगलेल्या गावांना कालच्या डोक्यांवर आजचा कचरा उचलावा लागतो.

अटीही आहेत. मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन नसतील तर हप्ता अडतो. निवडून आलेली मंडळी कारभारात नसतील तरीही अडतो. अंदाजपत्रकात दोन हप्ते धरलेले असतात, मार्च उजाडतो आणि दुसरा आलेलाच नसतो. आराखड्याला याचं काही सोयरसुतक नसतं. त्यात रस्ता तसाच, सहा लाखांचा.

आता गावाच्या स्वतःच्या पैशाकडे वळते, कारण निधी आटला की खरी परीक्षा तिथे होते. समजा, नमुना 9 या नोंदवहीप्रमाणे करांची मागणी, म्हणजे गावाकडून येणं असलेली रक्कम, 8 लाख आहे आणि वसुली 5 लाख. या स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणजे दीड लाख बाजूला. ते जायलाच हवेत. आमच्याकडे दिव्यांगांचे 5 टक्के दोन वर्षं खर्चच झाले नव्हते, ही गोष्ट आजही मला टोचते. उरलेल्या साडेतीन लाखांत शिपाई, पाणी सोडणारा माणूस, ब्लीचिंग पावडर, मोटारीची दुरुस्ती आणि कार्यालयाचा खर्च.

आणि इथेच अंदाजपत्रक वाचायची खरी गोम आहे. जमेच्या बाजूला कित्येक ग्रामपंचायती वसुली न धरता अख्खी मागणी धरतात, वर जुनी थकबाकीही मिळवतात. कागदावर 8 लाख आणि 4 लाख थकबाकी मिळून 12 लाख जमा होतात. त्या बळावर खर्चाच्या बाजूला रस्ता, कमान, व्यायामशाळा असं सगळं धरता येतं. शिल्लकही दिसते. पंचायत समितीची मंजुरी मिळते. वर्षअखेरीला 5 लाखच येतात आणि मग 'तरतूद होती, पण पैसे नव्हते' हे नवं उत्तर तयार होतं. हे आराखड्यापेक्षाही वाईट आहे. आराखडा स्वतःला इच्छा म्हणवतो. फुगवलेलं अंदाजपत्रक मात्र स्वतःला हिशेब म्हणवतं.

म्हणून अंदाजपत्रक हातात घेतलं की पहिली नजर घरपट्टीच्या ओळीवर टाकावी. पुढच्या वर्षाचा अंदाज आणि मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा हे दोन आकडे एकाच ओळीत असतात. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर खालचा सगळा खर्च हवेत उभा आहे. मग नमुना 3, जमाखर्चाचं विवरण मागवा. नवं अंदाजपत्रक आणि जुनं विवरण शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास पुरतो. वर्षाच्या मध्यात आकडे फिरले तर सुधारित अंदाजपत्रक करता येतं, एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायची तर नमुना 2 मध्ये पुनर्विनियोजन दाखवावं लागतं. बंधिताची रक्कम मात्र अशी रस्त्याकडे वळवता येत नाही, कितीही हात वर झाले तरी.

वेळेचाही फरक आहे आणि आपण नेमके तिथे चुकतो. ऑक्टोबरात आराखड्याच्या सभेला गर्दी होते, कारण तिथे मागायचं असतं. हिवाळ्यात अंदाजपत्रकाची मासिक सभा येते, तिथे सदस्य सोडून कुणी नसतं. आपल्या गल्लीचं काम पुढच्या वर्षी व्हायचं की राहायचं, ते त्या दुसऱ्या खोलीत ठरतं.

मावशींचं काय झालं ते सांगते. पुढच्या महिन्यात सरपंचांना सांगून मी त्यांना कार्यालयात बोलावलं. ग्रामसेवकांनी नमुना 1 टेबलावर पसरला, मी पेन्सिलीने 10 लाखांतून एकेक रक्कम वजा करत गेले. 1 लाख 80 हजारांवर आल्यावर त्यांनी हात धरला. "मग एवढ्यात किती होईल?" उताराचा तुकडा, जिथे पावसात मुलं घसरतात, तेवढा होईल, असं अभियंत्याने सांगितलं होतं. "तेवढाच धरा. बाकीचा राहू द्या आराखड्यात." तसा ठराव झाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उतारावर खडी पडली.