ओम्नी घेताय? इंजिन नंतर ऐका, आधी आरसी वाचा

मारुती ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं. म्हणजे आता मिळेल ती जुनीच, आणि स्वस्तात मिळाली तर पंधरा वर्षं भरत आलेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गावातला कुठलाही मिस्त्री उघडतो, त्यामुळे त्याची फार धास्ती नको. अडतं ते कागदांपाशी.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, ही मुदत आधी बघा. संपत आली असेल तर फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. उशीर झाला तर महिन्याला ५०० जादा. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. भाव करताना हा आकडा मालकासमोर बोलून दाखवा.

मग नावावर करून घेणं, म्हणजे ज्याला सगळे टीटी म्हणतात ते. विकणाऱ्याने फॉर्म २९ दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो. पॅन नसेल तर फॉर्म ६०. कर्ज असेल तर ते फिटल्याचा, बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवाच. आरसीवर बँकेचं नाव दिसतंय आणि मालक म्हणतो 'कर्ज कधीच फिटलं', तरी कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर येते, मग तुमच्या. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, आणि इथला करही भरावा लागतो. स्वस्ताई तिथेच संपते.

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा. चेसिस नंबरावर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर, कागद ठेवून पेन्सिल फिरवली की उमटतो तो ठसा अनेक ठिकाणी अजून मागतात. तो स्वतः घ्या. नंबर गंजून पुसट झालेला असला तर तेव्हाच कळतं. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरची पाटी बसवलेली आहे का, ई-चलान थकलेत का, हेही त्याच दिवशी बघा.

कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हा व्यवहार आरटीओला कळवायचं असतं. 'सह्या करून ठेवतो, तुम्ही सवडीने करा' म्हणणारे मालक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव त्याच्यावर जबाबदारी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुम्हाला मिळत नाही.

माझी गाडी अडली ती सीएनजीवर. किट छान चालत होतं, पण आरसीवर इंधन नुसतं 'पेट्रोल'. मागच्या मालकाने नोंदच केली नव्हती. किटची बिलं शोधण्यात दीड महिना गेला. टाकीच्या पट्टीवर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची, तारीख असते. सीएनजीच्या टाकीची ही चाचणी दर तीन वर्षांनी लागते. माझ्या टाकीची पट्टी रंगाखाली दडलेली होती, नखाने खरवडून वाचली.

पिवळ्या पाटीची, म्हणजे शाळेच्या किंवा मालवाहतुकीच्या नोंदणीची व्हॅन घरच्या वापराला घ्यायची असेल तर परमिट असेल तर ते जमा करून, कराचा फरक भरून ती खाजगीत बदलून घ्यावी लागते. हे काम मालकाने करून द्यावं, असं आधीच ठरवा.

तपासणीच्या आदल्या दिवशी दिवे, वायपर, हॉर्न, टायर बघून घ्याच. पण ओम्नीचा खरा दुखरा भाग पायाखाली असतो. पुढच्या सीटजवळची रबरी चटई उचला आणि सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला, तर आधी पत्र्याचं काम करून घ्या, आरटीओची तारीख त्यानंतरचीच घ्या.