सैल तारेपासून जाड तारेपर्यंत

गिटारच्या तारा नेहमीच्या स्वरांवरून उतरवून वाजवण्याची पद्धत जुनी आहे. त्यासाठी तारांची जाडी वेगळी निवडण्याचा विचार मात्र बराच उशिरा रुजला. १८३०च्या सुमारास मेक्सिकोतले गुराखी हवाई बेटांवर आले, त्यांच्याबरोबर गिटारही आली, आणि तिथल्या वादकांनी ती आपल्या गाण्याला सोयीची करून घेतली. त्या पद्धतीला ‘की होआलू’ म्हणतात; अर्थ अगदी सरळ, ‘चावी सैल करणे’. तिथल्या ‘टारो पॅच’ या लोकप्रिय जुळणीत पहिली (सर्वांत बारीक), पाचवी आणि सहावी (सर्वांत जाड) तार एकेक स्वर उतरते, बाकीच्या तीन जागच्या जागी राहतात.

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हा नियम फ्रेंच अभ्यासक मेर्सेनने १६३६ मध्येच मांडला होता. त्यानुसार तार एक पूर्ण स्वर उतरवली की ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. ०.०४६ इंच जाडीची सहावी तार ‘ई’ या तिच्या नेहमीच्या स्वरावर जवळपास ८ किलोचा ताण धरते, एक स्वर खाली ‘डी’वर आणताच तो सव्वासहाच्या आसपास येतो, तार पडद्यांवर आपटून झणझणते आणि जोरात छेडली तर स्वर क्षणभर चढा लागतो. तिच्या जागी ०.०५२ इंची तार चढवली की ताण पूर्ववत होतो. (पुरुषी आणि बायकी तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या जाडीच्या असतात, त्यामागचे गणित हेच.)

तरीही निवडीला वाव आला तो १९६०च्या दशकात. त्याआधीचे संच जाड असत, तिसऱ्या तारेवरही दुसरी बारीक तार गुंडाळलेली असे. म्हणून काही रॉक वादक बँजोची बारीक तार पहिली म्हणून लावत. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल यांनी बारीक तारांचे संच विकायला काढले आणि ते खपले. स्वर ओढायला सोप्या अशा या तारा उतरवल्या की मात्र लवकर ढिल्या पडत.

‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयॉमी यांना नेमका तोच ढिलेपणा हवा होता. १९६५ मध्ये कारखान्यातील अपघातात त्यांच्या दोन बोटांची टोके तुटली. त्यामुळे त्यांनी बारीक तारा घेतल्या आणि बँडच्या १९७१च्या अल्बममधील काही गाण्यांसाठी त्या तीन अर्धस्वरांनी उतरवल्याही. त्यांच्यामागून आलेल्या बहुतेक हेवी मेटल वादकांनी मात्र उतरलेल्या स्वरांसाठी जाड तारांचीच वाट धरली.

सरसकट जाड संच हाही पक्का उपाय नव्हे. ‘डॅडगॅड’ (तारांचे स्वर डी-ए-डी-जी-ए-डी) जुळणीत पहिली, दुसरी आणि सहावी तार उतरते, म्हणून तेवढ्याच तीन तारा जाड घेणे पुरते. ‘ओपन ई’ या दुसऱ्या जुळणीत तिसरी, चौथी आणि पाचवी उलट चढते, तिथे त्या बारीक घ्याव्या लागतात.