उंबराचं फूल दिसतं, फोडून बघा

अंजिराचा हंगाम आला की तो मेसेज येतोच. यंदाही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला: ‘अंजिरात मेलेली माशी असते, म्हणून अंजीर मांसाहारी.’ खाली सात-आठ जोडलेले हात. एका काकूंनी घरात आणलेले अंजीर कामाच्या मावशींना देऊन टाकले. मावशींनी ते तिथेच, जिन्यात बसून संपवले.

काकू, पुरंदरचं अंजीर निर्धास्त खा. ‘पूना फिग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जातीला परागीभवनच लागत नाही, फलन न होताच फळ पिकतं. माशीचा तिथे काही संबंध नाही. अंजिराच्या भाऊबंदाची, पार्किंगशेजारच्या उंबराची गोष्ट मात्र वेगळी आहे.

‘उंबराचं फूल’ म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. ते दिसलं तर धनलाभ होतो, असं आजी सांगायची. फूल रोज दिसतं, आपण त्याला फळ म्हणतो एवढंच. उंबर म्हणजे आतून पोकळ मडकं. वनस्पतिशास्त्रात या रचनेला कुंभासनी म्हणतात. मडक्याच्या आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं चिकटलेली असतात आणि तोंडाशी खवल्यांनी झाकलेलं एक भोक असतं. मी आजवर ढिगाने उंबरं फोडली, धनलाभाची अजून वाट बघतोय.

त्या भोकातून एक वास्प आत शिरते. वास्प म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातली, पण चिलटाएवढी. वाट इतकी अरुंद असते की शिरताना तिचे पंख तुटतात. ही मादी, अंगावरच्या खास खळग्यांत दुसऱ्या उंबराचे पराग भरून आलेली. आत मादी-फुलं असतात, काहींचा कुक्षीवृंत (अंडाशयावरची बारीक दांडी) आखूड, काहींचा लांब. अंडी घालायची सोंड ती कुक्षीवृंतातून खाली अंडाशयापर्यंत ढकलते. आखूड फुलात सोंड पोचते आणि तिथे पिल्लू वाढतं. लांब फुलात बहुधा पोचत नाही, मग तिथे फक्त पराग पडून बी तयार होतं. झाडाने माशीला दिलेलं भाडं आणि झाडाचा वंश, यांची वाटणी अशी मिलिमीटरच्या हिशोबाने होते. मादी आतच मरते.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. अजून कोशात असलेल्या माद्यांशी ते मीलन करतात, उंबराच्या सालीतून बोगदा खणतात आणि संपतात. तोवर आतली नर-फुलं उमललेली असतात. माद्या त्यांचे पराग गोळा करून बोगद्यातून उडतात. हाताशी एक-दोन दिवसांचं आयुष्य.

आणि इथे पेच आहे. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी तयार होतात, म्हणजे ज्या झाडावरून ती उडाली तिथे तिच्यासाठी कोवळं उंबर शिल्लक नसतं. तिला वेगळ्या वेळापत्रकाचं दुसरं झाड गाठावंच लागतं. शाळेत आपण पायऱ्या पाठ केल्या होत्या: एक जीव, एकाच जातीच्या जीवांची समष्टी, अनेक समष्टींचा समुदाय, त्याला माती-पाणी-हवा जोडली की परिसंस्था. समष्टी म्हणजे नुसती डोकी मोजणं, असं मला तेव्हा वाटायचं. उंबराच्या बाबतीत दुसरं झाड नसेल तर वास्पची पुढची पिढीच नाही. हे दुसरं झाड शेजारीच हवं असंही नाही. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या आफ्रिकन भाऊबंदाच्या वास्प वाऱ्यावर 160 किलोमीटरपर्यंत पोचल्याचं जनुकीय तपासणीत दिसलंय.

समुदाय बघायला तर जंगलात जायचीही गरज नाही, तो एका उंबरात मावतो. परागीभवन न करणाऱ्या वास्पच्या आणखी पाच-सहा जाती बाहेरूनच लांब सोंड भोसकून आत अंडी घालतात. काही झाडाच्या ऊतींवर जगतात, काही दुसऱ्या वास्पच्या पिल्लांवर. त्यांतल्या एकीच्या सोंडेचं टोक बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तपासलं, तर त्यात जस्त सापडलं. लाकडासारखी कडक साल भोसकायला धातूचा दात! माद्यांच्या अंगावर बसून सूत्रकृमीही प्रवास करतात. उत्पादक, शाकाहारी, परजीवी, सगळे सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्यात. म्हणून ‘उंबरातले किडे’ हे शिवीसारखं वापरलं की मला राग येतो.

या झाडांची वेळापत्रकं जुळत नाहीत याचा फायदा इतरांना होतो. परिसरात कुठलं ना कुठलं उंबर जवळपास बारमाही पिकलेलं असतं. इतर फळं संपली की तांबट, कोकीळ, राखी धनेश, रात्री वटवाघळं इथेच येतात. औदुंबर चोवीस तास ऑक्सिजन सोडतो, असाही एक मेसेज फिरतो. रात्री प्रकाशसंश्लेषण होत नाही, तेव्हा कुठलंही झाड ऑक्सिजन वापरतंच. दत्ताच्या झाडाला असल्या जाहिरातीची गरज नाही.

सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये मात्र ठराव आला: गाड्यांवर सडा पडतो, फांद्या छाटा. मी हरकत घेतली, लोक हसले. सध्या फांद्या आहेत. परवा गाडीच्या काचेवर पडलेलं एक पिकलं उंबर उचललं, तर सालीला टाचणीने पाडल्यासारखं भोक होतं आणि त्याच्या तोंडाशी मुंग्या बसल्या होत्या, बाहेर येणाऱ्याची वाट बघत. त्यांना उशीर झाला होता.