व्हिन्यू व्हेर्द

व्हिन्यू व्हेर्द : पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यू प्रांतात आणि त्याच्या आसपास होणारी हलकी, आंबटसर, पुष्कळदा किंचित फसफसणारी वाइन. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’. प्रत्यक्षात ती फिकट पिवळी, गुलाबी किंवा गडद लाल असते, हिरवी नसते. पोर्तुगीजमध्ये ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवे आणि कच्चेही. आपण ‘आंबा अजून हिरवा आहे’ म्हणतो त्याच अर्थाने ही कोवळी, मुरवत न ठेवता प्यायची वाइन, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. पावसाने बारमाही हिरव्या राहणाऱ्या मुलखातली वाइन, हे दुसरे. वाइन उत्पादक दुसऱ्यावर भर देतात, कारण ‘कच्ची’ म्हणून माल खपवणे अवघड.

उत्तरेला मिन्यू नदी आणि तिच्या पलीकडे स्पेनचा गालिसिया, पश्चिमेला अटलांटिक महासागर, दक्षिणेला दोरू नदीच्या थोडे पलीकडेपर्यंत, असा हा प्रदेश आहे. जमीन ग्रॅनाइटची, निचऱ्याची. बऱ्याच भागात वर्षाला १,२०० मिमी.पेक्षा जास्त पाऊस पडतो, म्हणजे द्राक्षाला नको तितका. लिमा, काव्हादू, आव्ह या नद्या पूर्वेकडून समुद्राकडे वाहतात आणि त्यांच्या खोऱ्यांतून समुद्राचा दमट वारा आत शिरतो. १९०८ साली कायद्याने या प्रदेशाच्या सीमा ठरवल्या गेल्या आणि १९२६ मध्ये देखरेखीसाठी आयोग आला. अस्सल बाटलीवर आजही या आयोगाची हमीची पट्टी असते. प्रदेशाचे नऊ उपविभाग आहेत. साध्या गिऱ्हाइकाने त्यांतले एकच नाव लक्षात ठेवले तरी चालते : मोन्सांव-मेल्गासू. ते का, हे पुढे येईल.

या वाइनचा आंबटपणा समजायचा तर जुनी लागवड पाहावी लागते. अमेरिकेतून आलेला मका इथल्या छोट्या शेतांत भरून राहिला आणि द्राक्षवेल बांधावर गेला. बांधावर तो ओक, चेस्टनट, पॉपलर अशा झाडांवर चढवत. कोकणात मिरवेल पोफळीवर किंवा पांगाऱ्यावर चढवतात, तशीच ही रीत. तिला पोर्तुगीजमध्ये ‘इंफोर्कादू’, म्हणजे ‘फाशी दिलेला’, असे नाव आहे. घड इतके उंच लटकत की तोडणीला लांब शिड्या लागत. घराच्या अंगणावर आणि वाटेच्या कडेने मांडवही घालत. वर द्राक्षे, खाली कोबी-भाजी. जमिनीपासून दूर राहिल्याने घड कुजत कमी, पण पानांच्या सावलीत ते पुरते पिकतही नसत. साखर कमी तर मद्यार्क कमी, आणि आम्ल मात्र शाबूत. आता बहुतेक ठिकाणी तारांवरच्या सरळ ओळी आल्या आहेत, यंत्रेही फिरतात. तरी चवीचा ठसा त्या बांधावरच्या वेलाचाच राहिला आहे, कारण गिऱ्हाइकाला तोच हवा असतो.

बुडबुड्यांची गोष्टही बदललेली आहे. हिरव्या सफरचंदात जे झोंबरे मॅलिक आम्ल असते, तेच कच्च्या द्राक्षात असते. जिवाणू त्याचे दह्यातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. पूर्वी वाइन लवकर भरली जाई आणि हे काम पिंपात किंवा बाटलीतच पुरे होई. म्हणून ती जिभेला चुरचुरे आणि थोडी गढूळही असे. लोकांना गढूळपणा नको होता, चुरचुर हवी होती. आज स्वस्त बाटल्यांत वाइन गाळून, भरताना वायू सोडला जातो. यात लबाडी काही नाही, पण ‘नैसर्गिक फेस’ म्हणून कौतुक करण्यासारखेही काही नाही.

द्राक्षाच्या जातींत पांढऱ्या वाइनसाठी लोरेइरू, आरिंतू, त्राझादुरा, आव्हेसू, आझाल आणि आल्व्हारिन्यू या मुख्य. स्वस्त बाटलीत बहुधा यांतल्या दोन-चार जातींचे मिश्रण असते. लोरेइरूचे नाव तमालपत्राच्या युरोपीय भावंडावरून, लॉरेलवरून, आले आहे. वास फुलांकडे आणि लिंबाच्या सालीकडे झुकणारा. आल्व्हारिन्यूचा थाट वेगळा. ती मोन्सांव-मेल्गासूत, म्हणजे डोंगरांनी समुद्राच्या वाऱ्यापासून आडोसा दिलेल्या उबदार कोपऱ्यात, नीट पिकते. साध्या व्हिन्यू व्हेर्दमध्ये मद्यार्क साधारण ९ ते ११.५ टक्के, तर हिच्यात १२-१३. बुडबुडे सहसा नसतात, किंमत जास्त, आणि ही चार-पाच वर्षे ठेवली तरी बिघडत नाही. नदीपलीकडे गालिसियात हेच द्राक्ष ‘आल्बारिन्यो’ नावाने विकले जाते.

लाल व्हिन्यू व्हेर्द प्रदेशाबाहेर फारशी जात नाही. काही पिढ्यांपूर्वी इथे लालच जास्त होत असे. आज पांढरीचा वाटा कितीतरी मोठा आहे. लाल मुख्यतः व्हिन्यांव या द्राक्षाची. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका आणि रंग सालीत असतो. व्हिन्यांवचा रसच लाल. ही वाइन पेल्यात नव्हे, पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात देतात. वाडगा गोल फिरवला की जांभळट थर काठाला चिकटून राहतो आणि हळूहळू खाली ओघळतो. जाणकार आधी तो रंग बघतात. पहिला घोट नवख्याला तरी कठीण जातो. कच्च्या जांभळासारखा आंबट-तुरट, ओठ आणि दात रंगवणारा.

चाखण्याची रीत : या वाइनला फार समारंभ लागत नाही. पांढरी ८ ते १० अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी. आल्व्हारिन्यू १०-१२ अंशांना. लाल थोडी गार. पेला एक तृतीयांशच भरावा. ओतल्याबरोबर पेल्याच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटतात आणि दोन मिनिटांत विरतात. वास घ्यायचा तो ते विरायच्या आत : लिंबू, हिरवे सफरचंद, कधी पेरूच्या सालीसारखा. मग छोटा घोट तोंडात फिरवून गिळल्यावर लक्ष जिभेच्या कडांकडे ठेवावे. तिथे लाळ सुटली आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला, तर वाइन ठीक. आंबटपणा टोचून तिथेच थांबत असेल, किंवा लिमलेटच्या गोळीसारखा गोडवा मागे राहत असेल, तर बाटली सुमार. निर्यातीच्या काही स्वस्त बाटल्यांत साखर मुद्दाम उरवलेली असते. ‘सेकू’ लिहिलेली बाटली कोरडी समजावी.

वर्ष तपासणे महत्त्वाचे. साधी व्हिन्यू व्हेर्द तोडणीनंतर वर्ष-दीड वर्षात संपवायची वस्तू आहे. वर्ष छापलेलेच नसेल आणि दुकानातल्या फळीवर धूळ असेल, तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. शिळी झालेली ही वाइन चाखली की तपकिरी पडलेल्या सफरचंदाच्या फोडी आठवतात, कापून तासभर ठेवलेल्या. पोर्तुगालमधल्या सुपरमार्केटात चांगली ताजी बाटली तीन ते पाच युरोंना मिळते. जगभर खपलेल्या नावांत १९३९ साली बाजारात आलेली ‘काझाल गार्सिया’ सर्वांत परिचित. तिचे निळ्या लेससारखे लेबल दुकानात लांबूनही ओळखू येते.

जेवणाशी मेळ : मिन्यूत ही वाइन नुसती पिण्यापेक्षा जेवणाबरोबर जास्त घेतली जाते. तत्त्व आपल्याकडे कोणाला शिकवावे लागू नये. तेलकट बांगड्याबरोबर आमसूल किंवा सोलकढी जे करते, तेच ही वाइन करते : आंबटाने तेलाचा थर जिभेवरून निघतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. खारटपणाने आंबटाची धार कमी भासते, म्हणून खारवलेले, वाळवलेले पदार्थही हिच्याबरोबर चांगले जातात. खारवलेल्या वाळक्या कॉड माशाचे, म्हणजे बाकल्यावचे, बटाटा घालून तळलेले गोळे हा रोजचा प्रकार. कोबीवर्गातल्या पालेभाजीच्या बारीक कातरणाचे आणि बटाट्याचे ‘काल्दू व्हेर्द’ हे सूपही तसेच. त्यात सॉसेजची एखादी चकती आणि ऑलिव्ह तेल असते, सोबत मक्याचा जड पाव, ब्रोआ.

मात्र खरी जोडी तारलीची, म्हणजे सार्डिन माशाची. तारलीवर जाड मीठ टाकतात आणि अख्खी निखाऱ्यावर भाजतात, मसाला नाही. भाजलेली तारली ब्रोआच्या किंवा साध्या पावाच्या कापावर ठेवतात. वरचा मासा हाताने सोलून खायचा, काटा बाजूला, दुसरा मासा त्याच पावावर. तीन-चार मासे होईपर्यंत खालचा पाव चरबी, मीठ आणि राखेच्या वासाने भिजून जातो आणि तो शेवटी खातात. या पावाबरोबर थंडगार पांढरी व्हिन्यू व्हेर्द म्हणजे काय, हे सांगायला मद्याचा जाणकार लागत नाही. पोर्तू शहरात २३ जूनच्या रात्री सांव जुआंवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या, उत्सवात रस्तोरस्ती तारल्या भाजल्या जातात. गोव्यातला ‘सांजांव’ तोच, २४ जूनचा. तिथे मात्र पावसात भरलेल्या विहिरीत उड्या मारतात आणि पेल्यात वाइनऐवजी फेणी असते.

लाल व्हिन्यू व्हेर्दच्या बाबतीत पुस्तकी नियम मोडतो. तेलकट मासा आणि लाल वाइन एकत्र आली की तोंडात धातूसारखी, कच्च्या माशासारखी चव येते, असा सर्वसाधारण अनुभव. मिन्यूतले लोक मात्र तारलीबरोबरही वाडग्यातली लाल वाइन आवडीने घेतात. हिवाळ्याअखेर नदीत येणारा लांप्रेइया हा सापासारखा मासा तर तिच्यातच, स्वतःच्या रक्तासकट, भाताबरोबर शिजवतात. ही सवयीची गोष्ट आहे. पहिल्या भेटीत आवडेलच असे नाही. डुकराच्या चरबीत परतलेल्या मांसाच्या तुकड्यांबरोबर, ‘रोजोइंश’बरोबर, तिचे जमते हे कोणालाही पटावे.

शाकाहारी माणसासाठी मिन्यूच्या बाहेरचा पण पोर्तुगालचाच एक पदार्थ सांगण्यासारखा आहे : ‘पेइशिन्यूश दा ओर्ता’, म्हणजे ‘बागेतले छोटे मासे’. प्रत्यक्षात ती फरसबीची भजी. पीठ गव्हाचे, आकार लांब, म्हणून मासे. जपानी तेंपुराचा उगम पोर्तुगीजांच्या अशा तळणीत सांगितला जातो. भजीला चालते ते या वाइनला चालते. कांदाभजी, बटाटावडा, कोथिंबीर वडी, सगळे. अट एवढीच की चटणी बेताची तिखट असावी. मद्यार्काने तिखट भडकते; इथे तो कमी असल्याने जरा सूट मिळते, पण ठेचा कुठलीच वाइन सोसत नाही. गोड पदार्थांबरोबर तर ही वाइन पाण्यासारखी आणि कडवट लागते.

भारतात हिची गंमत अर्धी होते, कारण युरोपीय वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आणि त्यावर राज्यांचे कर. तीन युरोंच्या बाटलीची इथे ‘परदेशी’ किंमत होते, आणि जहाज, गोदाम, दुकान करत ती येईपर्यंत तिचे कोवळेपणही संपत आलेले असते. पोर्तुगालमध्ये किंवा युरोपात अन्यत्र राहणाऱ्या मराठी माणसाला ती जशी पिता येते, तशी पुण्यात येत नाही. इथे त्याच कामासाठी नाशिकची ताजी, कोरडी पांढरी वाइन बघावी.

गोव्याच्या स्वयंपाकाशी हिची जोडी जुळेल असे वाटते, पण सरसकट जुळत नाही. ‘विंदालू’ हा शब्द पोर्तुगीज ‘व्हिन्या द आल्यूश’वरून आला, वाइन आणि लसूण यांत मांस मुरवण्याची ती रीत. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेच्या, म्हणजे माडीच्या, व्हिनेगरने घेतली, मिरची वाढली. आता ताटातला पदार्थच पेल्यापेक्षा आंबट असतो आणि त्यापुढे व्हिन्यू व्हेर्द सपक पडते. रेशादो, म्हणजे मिरची-व्हिनेगरचा, मसाला भरलेल्या बांगड्यालाही हीच अडचण. त्यापेक्षा रव्यात घोळवून तळलेली तारली किंवा मुडदुशी घ्यावी, मीठ-हळद लावलेली, लिंबू न पिळता. पिळायचे लिंबू पेल्यात आहेच.