आर. एल. बर्नसाइड यांची ध्वनिमुद्रणे

आर. एल. बर्नसाइड (२३ नोव्हेंबर १९२६–१ सप्टेंबर २००५) हे अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ पट्ट्याचे ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतातून घडलेली गायनशैली) गायक आणि गिटारवादक होते. त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे दोन ठळक गट पडतात. १९६७ पासून अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या, गिटारवर एकट्याने गायलेली गाणी हा पहिला गट असून, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या साथीने केलेले, मुख्यतः १९९० च्या दशकातील अल्बम हा दुसरा होय. स्वजनांच्या हत्या आणि तुरुंगवास यांतून गेल्यानंतरच त्यांचा आवाज पहिल्यांदा ध्वनिफितीवर आला; त्यामुळे ‘दुःखाआधीचे बर्नसाइड’ ऐकायला उपलब्ध नाहीत.

बर्नसाइड यांनी तरुणपणी शेजारपाजारच्या वादकांकडे, विशेषतः फ्रेड मॅकडॉवेल यांच्याकडे पाहून गिटार आत्मसात केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हजारो कृष्णवर्णीयांप्रमाणे तेही रोजगारासाठी शिकागोला गेले. तेथे त्यांच्या चुलतबहिणीचे पती असलेल्या, शिकागोतील नामवंत ब्लूज गायक-वादक मडी वॉटर्स यांचे इलेक्ट्रिक वादन त्यांना जवळून ऐकायला मिळाले. मात्र त्याच शहरात थोड्या काळाच्या अंतराने त्यांचे वडील, दोन भाऊ आणि आणखी काही आप्त मारले गेले. बर्नसाइड मिसिसिपीला परतले. तेथे फाशांच्या जुगारातून उद्भवलेल्या भांडणात त्यांच्या हातून एका माणसाची हत्या झाली आणि त्यांची रवानगी पार्चमन येथील कुप्रसिद्ध तुरुंगात झाली. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवायला माणूस हवा म्हणून मळ्याच्या मुकादमाने खटपट केली आणि सुमारे सहा महिन्यांत आपली सुटका झाली, असे ते सांगत असत. दक्षिणेतील न्यायव्यवस्था मळेवाल्यांच्या गरजेनुसार किती वाकत असे, याचा हा बोलका नमुना आहे.

१९६७ च्या उन्हाळ्यात लोकसंगीताचे संग्राहक जॉर्ज मिचेल यांनी कोल्डवॉटर गावाजवळ बर्नसाइड यांना गाठले. त्या वेळी ते चाळिशीचे होते, शेतीवर राबून मोठ्या कुटुंबाचे पोट भरत होते आणि व्यावसायिक कलावंत म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. मिचेल यांनी टिपलेल्या गाण्यांपैकी काही आरहूली या ध्वनिमुद्रण कंपनीने ‘मिसिसिपी डेल्टा ब्लूज’ या नावाच्या संचात प्रसिद्ध केली. वास्तविक बर्नसाइड डेल्टाच्या, म्हणजे मिसिसिपीच्या वायव्येकडील सपाट प्रदेशातले नव्हतेच, आणि त्यांचे संगीतही डेल्टा ब्लूजहून स्पष्टपणे निराळे होते; पण विक्रीसाठी डेल्टाचे नाव सोयीचे होते.

हे निराळेपण ‘पुअर ब्लॅक मॅटी’ किंवा ‘गोइन डाउन साउथ’ ऐकताना लगेच जाणवते. नेहमीच्या ब्लूजमध्ये बारा मात्राखंडांचा ठरलेला आराखडा असतो आणि त्यात तीन मुख्य स्वरमेळ (कॉर्ड) ठरावीक जागी बदलतात. बर्नसाइड बहुधा एकाच स्वरमेळावर ठाण मांडतात. अंगठा खालच्या तारांवर अखंड ठेका धरतो, बोटे वरच्या तारांवर एक छोटी स्वरावली पुनःपुन्हा काढतात, आणि गाण्याची ओळ हवी तेवढी लांबवली किंवा तोडली जाते. तंबोऱ्याच्या धरलेल्या षड्जाची सवय असलेल्या कानांना ही स्थिरता परकी वाटू नये, मात्र येथे तो आधार स्वतःच नाचता ठेका असतो. याच पट्ट्यातील बासरी-ढोलाच्या मिरवणूक-संगीताशी या ठेक्याचे नाते जोडले जाते.

अकूस्टिक गिटार ही या काळात बर्नसाइड यांची कलात्मक निवड होती, असे मानणे धाडसाचे ठरेल. गावाकडच्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे शनिवारी रात्री दारू आणि नाच चालणाऱ्या ठिकाणी, इलेक्ट्रिक गिटार तोवर रुळलेली होती. ‘जुना, अस्सल’ ब्लूज साध्या गिटारवरच ऐकण्याचा आग्रह होता तो संग्राहकांचा आणि युरोपातील श्रोत्यांचा. १९७८ मध्ये लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चित्रीकरणात आणि १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे झालेल्या ध्वनिमुद्रणांतही ते मुख्यतः अकूस्टिक वादकाच्याच रूपात दिसतात. याउलट मेम्फिसचे अभ्यासक डेव्हिड इव्हान्स यांनी त्यांना मुले आणि जावई यांच्यासह ‘साउंड मशीन’ या घरच्याच इलेक्ट्रिक वाद्यवृंदात ध्वनिमुद्रित केले, ते त्यांच्या रोजच्या वादनाच्या अधिक जवळचे होते.

व्यापक प्रसिद्धी मिळाली ती ऑक्सफर्ड, मिसिसिपी येथील फॅट पॉसम या ध्वनिमुद्रण कंपनीमुळे. समीक्षक रॉबर्ट पामर यांच्या निर्मितीखाली याच पट्ट्यातील ब्लूज वादक ज्युनियर किम्ब्रो यांच्या ज्यूक जॉइंटमध्ये मुद्रित झालेला ‘टू बॅड जिम’ (१९९४) हा त्यांचा सर्वांत सरस इलेक्ट्रिक अल्बम म्हणावा लागेल. ‘मॅटी’ आणि ‘गोइन डाउन साउथ’ येथे पुन्हा येतात. स्वरावली जवळपास तीच आहे, पण केनी ब्राउन यांची दुसरी गिटार आणि कॅल्विन जॅक्सन यांचे ड्रम यांमुळे अंगठ्याचे काम वाटले गेले आहे आणि आवाजाला जाडसर खरखर आली आहे. १९९६ मध्ये जॉन स्पेन्सर ब्लूज एक्स्प्लोजन या रॉक वाद्यवृंदाबरोबर एका दुपारी केलेल्या अल्बमने तरुण श्रोते मिळवून दिले. ‘कम ऑन इन’ (१९९८) मध्ये टॉम रॉथरॉक यांनी त्यांचे वादन कापून-जोडून यंत्रठेक्यांवर बसवले. जुन्या चाहत्यांनी यावर नाके मुरडली. तरीही एकाच स्वरावलीची आवर्तने हाच मूळ पाया असल्याने हा प्रयोग वाटतो तितका उपरा नाही.

खून आणि तुरुंग यांचा कंपनीने जाहिरातीसाठी सढळ वापर केला. बर्नसाइड स्वतः मंचावर विनोदी किस्से सांगून मोकळे होत. कौटुंबिक हत्यांविषयी ते ध्वनिफितीवर सरळ बोलले ते ‘विश आय वॉज इन हेवन सिटिंग डाउन’ (२०००) या अल्बममध्ये, तेथील ‘आर. एल.ज स्टोरी’ हे गाणे नसून निवेदन आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांचे वादन फारच मंदावले. १९६७ च्या अकूस्टिक ध्वनिफितींचा ‘फर्स्ट रेकॉर्डिंग्ज’ हा संच फॅट पॉसमनेच २००३ मध्ये काढला, म्हणजे अनेक श्रोत्यांनी त्यांची सर्वांत जुनी गाणी सर्वांत शेवटी ऐकली. त्यांच्याबरोबर ड्रम वाजवत वाढलेले नातू सेड्रिक बर्नसाइड पुढे गिटारकडे वळले आणि २०२२ मध्ये पारंपरिक ब्लूजसाठीच्या ग्रॅमी पुरस्काराचे मानकरी ठरले.