बाराव्या दिवसाचा डाग

तांबी बसवली की पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, दिवसही लांबतात. तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला सौम्य दाह होतो. तो शुक्रजंतूंना मारक ठरतो, पण त्यानेच रक्तस्रावही वाढतो. डॉक्टर 'होईल हळूहळू कमी' म्हणतात आणि लोहाच्या गोळ्या लिहून देतात. नमाजी बाईला मात्र आणखी एक गोष्ट विचारायची असते: आज बारावा दिवस, डाग अजून दिसतोय, तर नमाज पढू की नको?

उत्तर ती मालेगावची की रत्नागिरीची यावर ठरू शकतं. मालेगावातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान परंपरेने शाफई; हे दोन सुन्नी विधिपंथ. हनफी फिकहमध्ये (इस्लामी कायदेशास्त्रात) हैज, म्हणजे पाळी, जास्तीत जास्त १० दिवसांची, शाफईंमध्ये १५. त्यामुळे बाराव्या दिवसाचं रक्त हनफी बाईच्या लेखी इस्तिहाजा, म्हणजे पाळीबाहेरचा रक्तस्राव. वुजू (नमाजाआधीची शुद्धी) करून नमाज पढायचीच. शाफई बाईच्या लेखी तेच रक्त अजून हैज असू शकतं, आणि हैजमध्ये नमाज माफ. 'इस्लामला संततिनियमन चालतं का?' हा सवाल सभांमधून मोठ्याने विचारला जातो. बायका मुफ्तींकडे, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या विद्वानांकडे, घेऊन जातात ते मसले असे बारीक असतात.

गोळीचंही तसंच. सरकारी दवाखान्यातल्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं असतात. बीजकोशातून बीज सुटणं त्यांनी थांबतं आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. अस्तर पातळ म्हणजे रक्तस्राव कमी. म्हणून पीसीओएस (बीजकोश आणि संप्रेरकांचा विकार) असलेल्या कॉलेजातल्या अविवाहित मुलीलाही अशाच गोळ्या दिल्या जातात, आणि पाळीत अतोनात रक्त जाऊन हिमोग्लोबिन खाली आलेल्या बाईलाही. पाकिटावर 'गर्भनिरोधक' असा शब्द पाहून आई दचकते. फिकहला इथे फारशी अडचण येत नाही. नियत उपचाराची आहे, गर्भाचा प्रश्नच नाही. घरातल्यांची नजर हीच काय ती अडचण.

गर्भच टाळायचा असेल तर चर्चेचा धागा थेट पैगंबरांच्या काळापर्यंत जातो. 'कुराण उतरत होतं तेव्हा आम्ही अज्ल करत असू,' असं पैगंबरांचे सहाबी (सहकारी) जाबिर यांचं कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. अज्ल म्हणजे वीर्य बाहेर टाकणं. बहुतेक फकीहांनी (फिकहच्या जाणकारांनी) त्यावरून किआस, म्हणजे तुलनेने अनुमान, करत इतर तात्पुरते उपाय जायज, म्हणजे धर्माला मान्य, ठरवले. सगळ्यांनी नाही, अंदलुसच्या (मुस्लिम राजवटीतल्या स्पेनच्या) इब्न हज्मने अज्ल हरामच मानला. अज्ल जायज मानणाऱ्यांपैकी पुष्कळांनी एक अट घातली, ती मला महत्त्वाची वाटते: बायकोची परवानगी हवी.

वैद्यकीय कारण तर इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. त्याच्या 'कानून' या वैद्यकग्रंथात गर्भ कुणी टाळावा हे सांगितलं आहे: बाळंतपणात जिवाला धोका असलेली कोवळ्या वयाची मुलगी, गर्भाशयाचा आजार असलेली बाई. आजचा डॉक्टर त्यात फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब आणि संधिवाती तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप घालेल. गर्भारपणात रक्ताचं एकूण प्रमाण जवळपास निम्म्याने वाढतं. असं हृदय तो भार पेलत नाही. आणि अशा काही बायकांना इस्ट्रोजेनची गोळीही चालत नाही, कारण ती रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवते. मग तांबी, किंवा नुसतं प्रोजेस्टिन असलेली साधनं.

खरी ओढाताण होते ती कायमच्या शस्त्रक्रियेवर. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला: नवराबायकोच्या संमतीने, अपाय होणार नसेल तर, तात्पुरता प्रतिबंध जायज, प्रजननक्षमता कायमची नष्ट करणं हराम, मात्र शरीयतच्या कसोटीवर जरूरत, म्हणजे निकडीची गरज, ठरली तर अपवाद. चौथ्या सिझेरियनला गर्भाशयाची भिंत कागदासारखी पातळ दिसली, तर बहुतेक मुफ्ती डॉक्टरचा शब्द ग्राह्य धरतील. पण आजारी हृदय बायकोचं, आणि सगळ्यात सोपी, सुरक्षित शस्त्रक्रिया नवऱ्याची. दुसऱ्याच्या देहातली जरूरत याच्या नसबंदीला पुरते का? इराणने १९८९ नंतर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम पुन्हा उभारला तेव्हा सरकारी दवाखान्यांत पुरुषनसबंदीही मोफत होत असे. पुढे लोकसंख्येचं धोरण उलटलं तेव्हा तीही आकसली.

आता हजच्या मोसमाचं. तवाफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या प्रदक्षिणेच्या, दिवशी पाळी नको म्हणून नॉरएथिस्टेरोन ही प्रोजेस्टिनची गोळी घ्यायची चाल आहे, आणि अपाय होणार नसेल तर बहुतेक उलमा तिला हरकत घेत नाहीत. पाळीच्या तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करायची. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी लांबवायला लागणाऱ्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे पायात पूर्वी गुठळी झालेली असेल, तर जेद्दाच्या विमानात तासन्‌तास बसण्याआधी ते डॉक्टरला सांगायला हवं. आणि पाळी लांबवण्यापुरत्या घेतलेल्या या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून धरू नयेत.